विकणारा आणि मोजणारा

विरार ते अर्नाळा आणि खाली वसईच्या कोळीवाड्यांपर्यंतच्या पट्ट्यात लग्नसराई सुरू झाली की हळदीच्या मांडवांतून गायकांना मागणी येते. गणपतीत आणि नवरात्रात हेच गायक मंडळांच्या मंचावर असतात, आणि उरलेल्या वर्षात त्यांची कोळीगीते, आगरी गीते, देवीची गाणी यूट्यूबवर येत राहतात. या व्यवसायाची घडी अलीकडे बदलली आहे. पूर्वी ऑर्केस्ट्राचा मालक गायकाला रात्रीचे पैसे देई आणि व्यवहार तिथेच संपे. आता एकाच गायकाच्या नावावर सुपाऱ्यांचे उत्पन्न, गाण्यांच्या व्ह्यूजचे उत्पन्न, जाहिरातींचा वाटा, उद्घाटनांचे मानधन असे निरनिराळे प्रवाह चालतात आणि ते सांभाळायला माणूस लागतो. तो तारखांची डायरी ठेवतो, रेट ठरवतो, इसार घेतो, गाण्याच्या चित्रीकरणात पैसे घालतो, चॅनेल स्वतःच्या ईमेलवर उघडतो आणि अधूनमधून गायकाच्या हातात काही रक्कम ठेवतो. पुष्कळदा तो नातलग, मित्र किंवा आळीतलाच कोणी असतो आणि त्याचा हेतू चांगला असतो.

मला काळजी वाटते ती या रचनेची. जी व्यक्ती कलावंताच्या वतीने विकते तीच किती आले हे मोजते, आणि त्या मोजणीकडे पाहणारा तिसरा कोणी नसतो. अशी रचना प्रामाणिक माणसाच्या हातीही कालांतराने कलावंताच्या विरोधात झुकते, असे माझे म्हणणे आहे. ते तपासायचे तर असे प्रकरण हवे ज्यातले आकडे उघडे झाले आहेत. कलावंत आणि व्यवस्थापक यांच्यातले हिशेब सहसा बाहेर येत नाहीत. भांडण झालेच तर तडजोड बंद खोलीत होते. अमेरिकी गायक एल्विस प्रेस्ली आणि त्याचा व्यवस्थापक टॉम पार्कर यांचे प्रकरण याला अपवाद आहे, कारण तिथे एका न्यायालयाने हिशेबाच्या वह्या मागवल्या. म्हणून विरारच्या गायकाविषयी बोलताना मेम्फिसच्या न्यायालयात जाऊन येणे मला आवश्यक वाटते.

पार्करचे मूळ नाव आंद्रेआस कॉर्नेलिस व्हान काउक. नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहरात १९०९ साली तो जन्मला, तरुणपणी कागदपत्रांविना अमेरिकेत आला, फिरत्या जत्रांमध्ये वाढला आणि पुढे देशी संगीताच्या गायकांची व्यवस्था पाहू लागला. 'कर्नल' ही पदवी लुइझियानाच्या गव्हर्नरने १९४८ मध्ये दिलेला मानाचा किताब होता. नोव्हेंबर १९५५ मध्ये त्याने एल्विसचा करार सन रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीकडून आरसीए या बड्या कंपनीकडे नेला. मूळ कंपनीला त्यासाठी ३५ हजार डॉलर मिळाले, आणि ती रक्कम त्या काळी नवख्या गायकासाठी प्रचंड मानली गेली. पुढच्या वर्षी एल्विस देशभर गाजला. पार्करशिवाय हे इतक्या वेगाने घडले असते असे म्हणणे कठीण आहे. वाद घालायला जे धन उरले ते उभे करण्यात त्याचा वाटा होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवे; नाहीतर विश्लेषणाची जागा खलनायकाची गोष्ट घेते, आणि ती गोष्ट वाचून कुठलाही गायक आपल्या माणसाकडे पाहून 'हा तसा नाही' एवढेच म्हणेल.

या प्रकरणातली पहिली यंत्रणा टक्केवारीची आहे. सुरुवातीच्या करारात पार्करचा वाटा २५ टक्के होता. जानेवारी १९६७ च्या नव्या कराराने उत्पन्नाच्या काही प्रकारांवर तो निम्म्यापर्यंत गेला आणि पुढच्या वर्षांत निम्म्याची ही पद्धत पसरत गेली. त्या व्यवसायातले प्रचलित दर याच्या बरेच खाली होते. तरीही दर हा या यंत्रणेचा फक्त दिसणारा भाग असतो. तो कशावर आकारला जातो आणि खर्च कोणाच्या वाट्यातून वजा होतो, हे अधिक निर्णायक असते. समजा एका कार्यक्रमाची सुपारी १ लाख रुपये आहे आणि वादक, साऊंड, गाडी यांचा खर्च ५० हजार. व्यवस्थापकाचे ३० टक्के एकूण रकमेवर धरले आणि सगळा खर्च गायकाच्या वाट्यातून गेला, तर व्यवस्थापकाला ३० हजार मिळतात आणि गायकाला २० हजार. तेच ३० टक्के खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर धरले तर आकडे १५ आणि ३५ हजार होतात. टक्का एकच, पण गायकाची मिळकत पावणेदोन पट. तोंडी करारात टक्का आठवणीत राहतो आणि पाया विसरला जातो, म्हणून 'तीस टक्क्यांवर ठरलंय' हे वाक्य हिशेबाच्या दृष्टीने जवळजवळ काहीच सांगत नाही.

दुसरी यंत्रणा प्रतिनिधीच्या स्वतःच्या हितसंबंधांची. व्यवस्थापक हा कायद्याच्या भाषेत अभिकर्ता असतो; दुसऱ्यासाठी वागण्याचे त्याला अधिकार मिळतात, आणि त्याच व्यवहारात त्याचे वेगळे हित गुंतले की निर्णयाची दिशा बदलते. १९६९ पासून एल्विसने लास व्हेगासच्या एका हॉटेलात वर्षानुवर्षे कार्यक्रम केले. पार्कर त्याच हॉटेलाच्या कॅसिनोत मोठ्या रकमांचा जुगार खेळत असे. ज्याच्याकडून आपल्या गायकाचे मानधन वाढवून घ्यायचे, त्याच्याच टेबलावर स्वतः हरत राहणाऱ्या माणसाची घासाघीस करण्याची ताकद किती उरते, हा प्रश्न पुढे उघडपणे विचारला गेला. एल्विसने अमेरिकेबाहेर कार्यक्रम केले ते फक्त १९५७ मध्ये, कॅनडाच्या तीन शहरांत. युरोप आणि जपानमधून मागणी असूनही तो कधी गेला नाही. पार्करकडे अमेरिकी नागरिकत्व आणि पासपोर्ट नव्हता, हे त्यामागचे एक कारण असावे असा चरित्रकारांचा तर्क आहे. तर्क अंशतः जरी खरा असला तरी त्याचा अर्थ गंभीर आहे: एका माणसाच्या खासगी अडचणीने दुसऱ्याच्या कलेचा भूगोल ठरवला.

गाण्यांच्या निवडीतही हेच दिसते. एल्विससाठी गाणे द्यायचे असेल तर गीतकाराने प्रकाशनाच्या उत्पन्नातला हिस्सा सोडावा, अशी पद्धत पार्करच्या व्यवस्थेत रुजली होती. आखूड मुदतीत तिने पैसे आणले. लांब मुदतीत तिने चांगली गाणी दूर ठेवली, कारण ज्यांच्याकडे इतर पर्याय होते असे गीतकार ही अट मानत नव्हते. डॉली पार्टन या गायिकेने १९७० च्या दशकात आपल्या एका गाण्याचे निम्मे प्रकाशनहक्क द्यायला नकार दिला आणि एल्विसने ते गाणे गायले नाही. दोन दशकांनी व्हिटनी ह्यूस्टनच्या आवाजात त्याच गाण्याने जग व्यापले. न गायलेल्या गाण्याची नोंद कुठल्याच वहीत होत नसल्यामुळे हितसंबंधांच्या संघर्षाची खरी किंमत हिशेबातून कधीच पूर्ण दिसत नाही.

तिसरी यंत्रणा काळाची आहे आणि वारशाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. मार्च १९७३ मध्ये आरसीएने एल्विसच्या तोवरच्या सुमारे ७०० ध्वनिमुद्रणांवरची भविष्यातली रॉयल्टी एकरकमी विकत घेतली. किंमत ५४ लाख डॉलर, आणि ती एल्विस व पार्कर यांच्यात निम्मी निम्मी वाटली गेली. एल्विसच्या वाट्याला २७ लाख आले आणि कर भरल्यावर त्यातले सुमारे निम्मे उरले. त्याच सुमारास कंपनीने पार्करशी आणखी काही व्यवहार केले. ते जमेस धरले तर या करारांच्या मालिकेतून गायकापेक्षा व्यवस्थापकाला अधिक मिळणार होते, असे पुढच्या चौकशीत दाखवले गेले.

असा व्यवहार व्यवस्थापकाला आकर्षक का वाटतो, हे समजून घ्यायला हवे, कारण त्यासाठी बेइमानीची गरज नसते. रॉयल्टी म्हणजे दीर्घकाळ ठिबकणारे उत्पन्न. ते गायकाला जन्मभर आणि त्याच्या वारसांना त्यानंतरही मिळू शकते. व्यवस्थापकाला मात्र संबंध टिकेल तोवरच. १९७३ मध्ये एल्विस ३८ वर्षांचा होता, पार्कर ६३ वर्षांचा आणि रोख रकमेची सतत गरज असलेला. एकाचे क्षितिज पन्नास वर्षांचे, दुसऱ्याचे पाच-दहा वर्षांचे. अशा दोघांसमोर 'आज एकरकमी की उद्या हप्त्याहप्त्याने' हा पर्याय ठेवला आणि वाटाघाटीची सूत्रे आखूड क्षितिजाच्या हाती दिली, तर निकाल काय लागेल हे सांगायला चारित्र्याची परीक्षा घ्यावी लागत नाही. एल्विसलाही त्या वर्षी घटस्फोटामुळे पैसे हवे होते, त्यामुळे त्याने विरोध केला नाही. नुकसानीचे करार बहुधा दोघांच्याही तातडीच्या गरजा जुळतात अशाच क्षणी होतात.

परिणाम चार वर्षांनी दिसला. १६ ऑगस्ट १९७७ रोजी एल्विसचा ४२ व्या वर्षी मृत्यू झाला आणि त्याच्या जुन्या तबकड्यांची विक्री उसळली. ज्या ध्वनिमुद्रणांनी तो ओळखला जात होता त्यांच्या गायक म्हणून मिळणाऱ्या रॉयल्टीवर त्याच्या मुलीचा हक्क उरला नव्हता; तो विकला गेला होता. प्रकाशनाचे काही उत्पन्न चालू होते, पण ग्रेसलँड या घराचा सांभाळ आणि करांचा बोजा पाहता इस्टेट रोख पैशाच्या टंचाईकडे जात होती. एल्विसचे वडील व्हर्नन यांनी पार्करची निम्म्याची व्यवस्था मृत्यूनंतरही चालू ठेवली होती. १९७९ मध्ये व्हर्नन वारले आणि कारभार नव्या विश्वस्तांकडे आला. त्यांनी जुनीच व्यवस्था पुढे चालवण्यासाठी न्यायालयाची मान्यता मागितली.

ही मागणी मेम्फिसमध्ये न्यायाधीश जोसेफ इव्हान्स यांच्यापुढे आली, आणि वारस अल्पवयीन असल्यामुळे त्यांनी तिच्या हिताची तपासणी करायला ब्लँचर्ड ट्युअल या वकिलाची १९८० मध्ये नेमणूक केली. पार्करच्या कारभारात दोन दशकांहून अधिक काळात पहिल्यांदाच ज्याचे उत्पन्न पार्करवर अवलंबून नव्हते असा माणूस वह्या उघडून बसला. ट्युअल यांच्या अहवालांनी ५० टक्के वाट्याला अवाजवी ठरवले आणि १९७३ च्या विक्रीवर कठोर आक्षेप घेतले. १९८१ मध्ये न्यायालयाने इस्टेटला पार्करशी व्यवहार थांबवायला सांगितले. १९८३ मध्ये तडजोड झाली. पार्करने एल्विसशी निगडित हक्क सोडले आणि त्याला आरसीएकडून सुमारे २० लाख डॉलर मिळाले.

हे सगळे उघड झाले ते कोणी तक्रार केली म्हणून नव्हे. एल्विसने हयातीत हिशेब मागितला नाही, वडिलांनी मागितला नाही, विश्वस्तांनीही सुरुवातीला मागितला नाही. कारभार उघडला तो एका लहान मुलीच्या नावामुळे न्यायालयाला पाहणे भाग पडले म्हणून. म्हणजे तपासणी योगायोगावर अवलंबून होती. वारस सज्ञान असती तर निम्म्याची ती व्यवस्था बहुधा आणखी काही वर्षे निर्वेध चालली असती.

पुढचा इतिहास या निदानाला दोन बाजूंनी दुजोरा देतो. ग्रेसलँड जून १९८२ मध्ये तिकीट लावून लोकांसाठी खुले झाले, नाव आणि प्रतिमा यांचे हक्क नीट सांभाळले गेले आणि टंचाईकडे निघालेली इस्टेट पुढच्या दशकभरात सुमारे १० कोटी डॉलरच्या घरात गेली. मालमत्ता तीच होती; बदलले ते कोण विकतो आणि कोण मोजतो याचे नाते. दुसरी बाजू कटू आहे. एल्विसची मुलगी लिसा मारी प्रेस्ली हिने २०१८ मध्ये आपल्या माजी व्यवस्थापकावर दावा लावला आणि ट्रस्टमधली सारी रोकड जवळजवळ संपल्याचा आरोप केला. त्याने तो नाकारून तिच्या खर्चाकडे बोट दाखवले. कोण बरोबर होते हे ठरवण्याची इथे गरज नाही. वडिलांच्या अनुभवाचे दस्तऐवज घरात असूनही पुढच्या पिढीत पैशाची देखरेख पुन्हा एकाच हाती एकवटली आणि उशिरा कळले, एवढे पुरेसे आहे. स्वतः पार्कर १९९७ मध्ये लास व्हेगासला वारला तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे १० लाख डॉलरची होती. आयुष्यभर ज्या प्रमाणात त्याच्या हातून पैसा गेला त्या मानाने ती नगण्य म्हणावी लागेल. ज्या रचनेने गायकाला तोट्यात घातले तिने व्यवस्थापकालाही श्रीमंत ठेवले नाही, कारण जिथे कोणी मोजत नाही तिथे व्यवस्थापकही स्वतःचे पैसे मोजेनासा होतो.

यावरून व्यवस्थापक नसणे हा उपाय ठरतो का? मराठी रंगभूमीचा अनुभव तसे सांगत नाही. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. भागीदार बाहेर पडल्यावर मालकी बालगंधर्वांकडे एकवटली आणि कंपनी मोठ्या कर्जात सापडली. वैभवशाली नेपथ्य, भरजरी वस्त्रे, अत्तरे यांवरचा खर्च कलादृष्टीने घेतलेला निर्णय होता. पण कला ठरवणारा आणि खर्च मंजूर करणारा एकच झाला की 'हे परवडते का' हा प्रश्न विचारणारे कोणी उरत नाही. कर्ज फेडण्यासाठी वर्षानुवर्षे प्रयोग करावे लागले. पार्करच्या बाबतीत विकणारा आणि मोजणारा एक होता. बालगंधर्वांच्या बाबतीत गाणारा आणि मोजणारा एक होता. दोन्हीकडे मोजणीला स्वतंत्र जागा नव्हती.

आता विरारकडे येऊ. आपला कायदा या बाबतीत दुबळा नाही, हे आधी स्पष्ट करायला हवे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१३ नुसार अभिकर्त्याने मागणी होताच मूळ मालकाला, म्हणजे इथे गायकाला, योग्य हिशेब दिला पाहिजे. मालकाला न सांगता त्याने त्याच व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर कलम २१६ नुसार त्यातून झालेला फायदा मालक मागू शकतो. संबंध संपल्यावरही माणसाला बांधून ठेवणाऱ्या अटींबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निर्णय आहे: श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि पर्सेप्ट डी'मार्क ही व्यवस्थापन कंपनी यांच्या वादात, करार संपल्यानंतरच्या प्रस्तावांवरही पहिला हक्क मागणारी अट कलम २७ च्या आधारे अमलात आणता येणार नाही असे ठरले. प्रताधिकार कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने गायकांच्या सादरीकरणाच्या व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा हक्क मान्य केला. १९६० च्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला तेव्हा मोहम्मद रफींसारखा सहकारीही त्यांच्याशी सहमत नव्हता आणि दोघांचे एकत्र गाणे काही काळ थांबले, हे आठवले की या तरतुदीला किती वेळ लागला ते कळते.

अडचण अशी की यातली प्रत्येक तरतूद एखादी नोंद अस्तित्वात आहे असे गृहीत धरते. हिशेब मागता येतो, पण सुपारी रोखीत झाली असेल तर हिशेब पडताळण्यासाठी दुसरे काही हाती नसते. पैसे बँकेतून आणि गायकाच्या पॅनवर टीडीएस कापून आले तर त्याची नोंद आयकर खात्याच्या पोर्टलवर उमटते. व्यवस्थापकाच्या वहीपासून स्वतंत्र अशी ती फुकटची मोजणी असते. रोख व्यवहार कर वाचवतो असे वाटते. प्रत्यक्षात तो गायकाचा एकमेव तटस्थ साक्षीदार नाहीसा करतो.

ध्वनिमुद्रणाचे तसेच. गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार सामान्यतः ते तयार करणाऱ्या निर्मात्याचा असतो आणि प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. चित्रीकरणाला ज्याने पैसे घातले तो व्यवस्थापक निर्माता ठरतो, चॅनेल त्याच्या ईमेलवर असते, जाहिरातींचे पैसे त्याच्या खात्यात येतात, आणि गायकाच्या हाती त्या रात्रीचे मानधन व लोकांनी ओळखलेला चेहरा एवढेच उरते. पार्करला जे मिळवायला आरसीएसारखी कंपनी आणि वकिलांनी लिहिलेला करार लागला, ते इथे नकळत आणि कागदाविना घडते. शिवाय ज्याने पैसे गुंतवले त्याचे अभिकरण सहज मोडता येत नाही, असा युक्तिवाद करार कायद्याच्या कलम २०२ चा आधार घेऊन होऊ शकतो. तो टिकेल की नाही हे प्रत्येक प्रकरणाच्या तथ्यांवर ठरेल; पण तो लढायला जो वेळ आणि पैसा लागतो तो व्यवस्थापकाकडे असण्याची शक्यता अधिक.

मुलांच्या बाबतीत धोका दुप्पट आहे. गाण्याच्या रिअॅलिटी कार्यक्रमांनंतर बारा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना या पट्ट्यातही मंच मिळू लागले आहेत. १८ वर्षांखालील व्यक्तीला यूट्यूबच्या जाहिरात-उत्पन्नाचे खाते स्वतःच्या नावे ठेवता येत नाही, म्हणून ते कोणातरी मोठ्याच्या नावे उघडले जाते. बालकामगारविषयक नियमांत २०१७ पासून अशी तरतूद आहे की बालकलाकाराच्या उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा व्हावा. हळदीच्या मांडवात किंवा मंडळाच्या मंचावर गाणाऱ्या मुलासाठी ही तरतूद कोणाच्या डोक्यात येते का? लिसा मारीला न्यायालयाने नेमलेला वकील मिळाला तो तिच्या वडिलांच्या मृत्यूनंतर. आपल्याकडे अनेकदा पाहणारा म्हणून पालकच असतो, आणि पालकच व्यवस्थापकही असतो.

ही रचना अशीच राहिली तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काय घडण्याची शक्यता आहे, हे १९७३ च्या व्यवहारावरून बऱ्याच अंशी सांगता येते. मोठ्या संगीत कंपन्यांना प्रादेशिक गाण्यांचे साठे हवे असतात. त्या एकेका गायकाकडे जाणार नाहीत. ज्याच्या नावे शेकडो गाणी आणि चॅनेल आहे त्याच्याकडे जातील आणि एकरकमी किंमत सांगतील. ती रक्कम विरारच्या मानाने डोळे दिपवणारी असेल, विकणाऱ्याचे क्षितिज आखूड असेल, आणि ज्यांच्या आवाजावर तो साठा उभा आहे त्या गायकांची संमती कदाचित विचारलीही जाणार नाही. यात आता आवाजाच्या कृत्रिम नकलेची भर पडली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाच्या अनधिकृत कृत्रिम नकलांना मनाई केली. अनधिकृत वापर असा रोखता येतो. पण 'सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी' असे लिहिलेल्या कागदावर सही करणारा गायक उद्या आपला आवाज अधिकृतपणेच देऊन बसलेला असू शकतो. २०१२ च्या दुरुस्तीने करारावेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमांना आपोआप होणारे हस्तांतर रोखले आहे, पण माध्यमाचा स्पष्ट उल्लेख केला की ते संरक्षण उरत नाही, आणि आवाजाची नक्कल हे आता अस्तित्वात असलेले माध्यम आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. विरारचा व्यवस्थापक पार्कर नाही. तो स्वतःची दुचाकी गहाण टाकून चित्रीकरण करतो, चाललेल्या एका गाण्यामागे न चाललेली अनेक गाणी सोसतो, आणि त्याच्याविना गायक मांडवातून पडद्यावर पोचलाच नसता. त्याला जोखमीचा मोबदला मिळायलाच हवा. प्रश्न इतकाच की गुंतवणूक, दलाली आणि मालकी या तीन वेगळ्या गोष्टी त्याच्या हातात एकत्र होतात आणि कोणत्या गोष्टीचा किती मोबदला मिळाला हे त्यालाही सांगता येत नाही. गुंतवलेली रक्कम कर्ज म्हणून लिहावी, तिच्या परतफेडीची मर्यादा ठरवावी. दलाली खर्च वजा जाता उरलेल्या रकमेवर, ठरावीक मुदतीसाठी असावी. चॅनेल आणि ध्वनिमुद्रणांची मालकी गायकाकडे किंवा लेखी वाट्याने दोघांकडे असावी. सुपारीचे पैसे आधी गायकाच्या खात्यात यावेत आणि दलाली तिथून जावी. ही उलटापालट लहान दिसते, पण मोजणीची जागा तीच बदलते. महिन्याचे विवरण एखाद्या लेखापालाने पाहावे, आणि भविष्यातले उत्पन्न एकरकमी विकण्याचा कोणताही प्रस्ताव ज्याला त्यातून काहीच मिळणार नाही अशा वकिलाने वाचल्याशिवाय मान्य करू नये.

यातली एकही गोष्ट व्यवस्थापकावर अविश्वास दाखवत नाही. उलट ज्याचे हिशेब तपासलेले आहेत त्याच्यावर पुढे कोणी आरोप करू शकत नाही. पार्करने एल्विसला फसवले की एल्विसला ते सगळे मान्य होते, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटण्याचा संभवही नाही, कारण ज्या वर्षांत उत्तर मिळू शकले असते त्या वर्षांत कोणी स्वतंत्रपणे विचारलेच नाही. विरारमध्ये ती वर्षे आत्ता चालू आहेत. इथली गाणी अजून बहुतांशी विकली गेलेली नाहीत, चॅनेलांची मालकी अजून बदलून घेता येते, आणि गायक व व्यवस्थापक अजून एकमेकांशी बोलतात. एकदा साठे विकले गेले आणि मंडळी दुरावली की हेच काम न्यायालयात, अपुऱ्या नोंदींच्या आधारे आणि कित्येक पट खर्चाने करावे लागेल, आणि तेव्हाही गेलेली रॉयल्टी सहसा परत येत नाही.